अडलेल्या ओळीतली वात

सुमेधाबाईंच्या घरात पुस्तकात खूण ठेवण्याचा एक कायदा होता आणि तो मोडलेला त्यांना खपत नसे. वाचता वाचता उठावं लागलं तर उठावं. कुठवर वाचलं हे ज्याला आठवत नाही त्यानं वाचूच नये, असं त्यांचं मत. खूण ठेवायची ती फक्त अडलेल्या ओळीत. तीसुद्धा कागदाची नाही, देवापुढच्या दिव्यात घालतात त्या कापसाच्या वातीची. ओळीचा अर्थ लागेना, की त्या पानात एक वात सरकवायची. दोन दिवसांनी, दोन महिन्यांनी, कधी दोन वर्षांनी ओळ सुटली, की त्या संध्याकाळी तीच वात तुपात भिजवून दिव्यात जाळायची. ज्याची ओळ अडली असेल त्यानंच जाळायची, दुसऱ्यानं त्याच्या वातीला हात लावायचा नाही.

कायदा घातला होता त्यांच्या वडिलांनी, गोपीनाथशास्त्र्यांनी. शास्त्रीबुवा मीमांसक. वेदातलं वाक्य नेमकं काय सांगतं, काय करायला लावतं, हे ठरवण्याच्या रीती म्हणजे मीमांसा. बुवांना मुलगा नव्हता. लोक हळहळत, तर बुवा म्हणत, "वाक्य कधी विचारत नाही, वाचणारा मुलगा आहे की मुलगी." आठव्या वर्षी सुमेधेला समोर बसवली ती लग्न होईपर्यंत उठू दिली नाही.

काशीत या वाचण्याला 'पंक्ती लावणं' म्हणतात. एक ओळ घ्यायची. हे कोण बोलतंय, ग्रंथकार की त्याचा विरोधक? मागं काय आलंय, पुढं काय येणार आहे? सगळं जुळल्याशिवाय पुढच्या ओळीकडे बघायचंसुद्धा नाही. बाईंनी मुलींच्या कॉलेजात चौतीस वर्षं हेच केलं. एका तासात दीड ओळ झाली तर तो दिवस चांगला. मुली पाठीमागं त्यांना 'डेढ़ लाइन वाली मैडम' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

राजा घाटाच्या मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर त्यांचं बिऱ्हाड. यजमान विश्वेश्वरराव रेल्वेत. त्यांना संस्कृतचा गंध नव्हता, पण पोळ्या गोल व्हायच्या. "घरात दोन पंडित आहेत आणि एक माणूस," असं ते पाहुण्यांना सांगत. दुसरी पंडित म्हणजे मुलगी, ऋता. तिला बाईंनी दहाव्या वर्षापासून पंक्ती लावायला शिकवलं. थंडीत दोघी घाटाच्या पायऱ्यांवर ऊन खात बसत आणि एका वाक्यावरून अशा कडाकडा भांडत की नाववाले वल्ही थांबवून बघायचे. चौदाव्या वर्षी ऋतानं आईची एक पंक्ती चुकीची लागलीय म्हणून दाखवून दिलं. बाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी गुपचूप शिरा केला.

ही मुलगी सव्विसाव्या वर्षी ख्रिस्ती झाली.

कुणा मुलाच्या नादानं गेली असती तर बाईंना निदान समजलं असतं. वय असतं, होतं असं. ही वाचून गेली. युनिव्हर्सिटीत असताना कुठूनसं बायबल हातात आलं. आईनं शिकवलेल्या पद्धतीनं ओळ ओळ लावत चार वर्षं ते वाचलं आणि एक दिवस म्हणाली, "आई, मी आता हे बाहेरून वाचू शकत नाही." नंतर जबलपूरकडच्या एका लहानशा ख्रिस्ती विद्यापीठात तिला धर्मशास्त्र शिकवायचं काम मिळालं. विश्वेश्वरराव पोरीच्या डोक्यावर हात ठेवून रडले आणि तिची बॅग उचलून स्टेशनवर गेले. बाई घरीच राहिल्या. निघताना ऋतानं एक मराठी बायबल आईच्या मेजावर ठेवलं होतं. म्हणाली, "वात आहे तिथं बघ."

बाईंनी आठ दिवस त्या पुस्तकाकडे पाहिलं नाही. नवव्या दिवशी उघडलं. वात एका पानात होती आणि त्या पानावरच्या ओळीखाली पेन्सिलीची बारीक रेघ होती. येशू लोकांना सांगतो आहे, की माझ्या मागं यायचं असेल तर आईबाप, बायकामुलं, भावंडं, इतकंच काय स्वतःचा जीव, या साऱ्यांचा द्वेष करावा लागेल. नाहीतर शिष्य होता येणार नाही.

बाईंनी तिथल्या तिथं फोन लावला. "हे दाखवायला ठेवून गेलीस? आईचा द्वेष कर म्हणून लिहिलंय तुझ्या ग्रंथात, आणि वर रेघ मारून?"

पलीकडून ऋता म्हणाली, "आई, तू मागचंपुढचं न बघता पंक्ती लावलीस?"

दुसरं काहीही बोलली असती तर चाललं असतं. "मला शिकवू नकोस," असं म्हणून बाईंनी फोन ठेवला. त्यानंतर अकरा वर्षं तिला फोन लावला नाही.

खाण तशी माती. मुलीनंही पुन्हा फोन केला नाही. वर्षातून एकदा, गुरुपौर्णिमेला, मेसेज यायचा: सादर नमस्कार. आईच्या वाढदिवसाला नाही, दिवाळीला नाही. बाई तो मेसेज उघडत, चष्मा लावून वाचत, दोन शब्दांत वाचण्यासारखं जेवढं असेल तेवढं पुनःपुन्हा वाचत आणि उत्तर लिहीत नसत. गुरुपौर्णिमेच्या आदल्या दिवसापासून मात्र त्यांचा फोन चार्जिंगवरून हलत नसे. तिची आठवण यायची म्हणणंही खरं नाही, कारण आठवण यायला आधी विसरावं लागतं. एखादी ओळ झटकन सुटली की बाई अजून मान वर करून समोर बघायच्या, भांडायला कुणी आहे का म्हणून.

चार वर्षांपूर्वी विश्वेश्वरराव गेले तेव्हा ऋता आली होती. जिन्याच्या पहिल्या पायरीवर दोन तास बसून राहिली. कुणीतरी तिला पाणी दिलं. वर बाईंना कळलं होतं. ती वर येईल म्हणून त्या दाराकडे डोळे लावून होत्या, आणि आई हाक मारील म्हणून ती खाली कान देऊन बसली होती. मधे बावीस पायऱ्या. मग तिच्या गाडीची वेळ झाली. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथं तर सुंभ जळून घरातला माणूस गेला, पीळ तसाच.

आणि मग गेल्या कार्तिकात सिस्टर पद्मा आल्या.

पस्तिशीची, सावळी, नगरकडची मराठी बाई. नन, म्हणजे त्यांच्यातली संन्यासिनी. साधी करड्या रंगाची साडी, गळ्यात लाकडी क्रूस, खांद्याला कापडी पिशवी. युनिव्हर्सिटीत पीएचडी करत होती: मीमांसेच्या अर्थ लावण्याच्या रीती आणि ख्रिस्ती शास्त्र. तिला कुणीतरी पंक्ती लावून देणारं हवं होतं.

"पंडित काय कमी आहेत काशीत?" बाईंनी दारातच विचारलं. "गल्लीगल्लीत बसलेत."

"पंडित पुष्कळ आहेत बाई. दीड ओळीवर थांबणारं कुणी नाही म्हणे."

बाईंना हे कुणी सांगितलं असेल ते कळायला हवं होतं. पण स्तुती ऐकताना मीमांसकसुद्धा मागचंपुढचं बघत नाही. "उद्यापासून चार वाजता ये," त्या म्हणाल्या. "उशीर बिल्कुल चालणार नाही."

पद्मा रोज चारला यायची. हुशार होती, आणि तिला चुकायची लाज नव्हती, हे बाईंना फार आवडलं. तिसऱ्या आठवड्यात एका वाक्यावर गाडी अडली. दोघींनी तास घालवला, सुटेना. बाई म्हणाल्या, "राहू दे आज." तेव्हा पद्मानं पिशवीतून एक प्लास्टिकची डबी काढली, डबीतून कापसाची एक वात काढली आणि पानात सरकवून पुस्तक मिटलं.

बाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. नळ सोडून उगाचच हात धुतले. जगात ही रीत असणारं एकच घर होतं, आणि त्या घरात आता त्या एकट्याच होत्या.

बाहेर येऊन त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. पद्माही काही बोलली नाही. पण त्या दिवसापासून बाईंचा तास चारचा साडेतीनला सुरू व्हायला लागला आणि सहाला संपेना. शेंगदाण्याची चिक्की निघायला लागली. "तुमच्या तिकडच्या कॉलेजात थंडी फार असते का गं?" असं मधेच विचारायच्या. "तुम्हाला शिकवणारे लोक जेवतात-बिवतात का वेळेवर?" पद्मा सरळ उत्तर द्यायची. थंडी असते. जेवतात, पण वाचत असल्या तर विसरतात. बाई "हं" म्हणायच्या आणि ओळीकडे वळायच्या. त्या 'हं'वर त्यांची ती रात्र निघायची.

माघ उजाडला. धडा आला तो निंदेच्या न्यायाचा. बाईंनी तो आयुष्यात शंभरदा तरी शिकवला असेल.

"बघ," त्या म्हणाल्या. "वेदात एके ठिकाणी सूर्य उगवण्याआधी होम करणाऱ्याची निंदा आहे. दुसरीकडे उगवल्यावर होम करणाऱ्याची निंदा. मग माणसानं करायचं काय? तर आपले लोक म्हणतात, निंदा ही ज्याची केली त्याला वाईट ठरवायला नसतेच. जे सांगायचंय त्याची थोरवी वाढावी म्हणून समोरच्याला खाली दाखवायचं, एवढंच तिचं काम. निंदेच्या वाक्याचा अर्थ निंदेत शोधायचा नाही. ते वाक्य तुला करायला काय सांगतंय, ते बघ."

पद्मानं लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवलं. "बाई, आमच्यातली एक ओळ आहे. तिथं हा न्याय चालेल का?"

पिशवीतून तिनं एक बायबल काढलं. वात होती त्या पानावर उघडलं आणि बाईंपुढं ठेवलं. तीच ओळ.

"वात माझी नाही," पद्मा म्हणाली. "आमच्या ऋतामॅडमची. मी निघताना त्यांनी हे पुस्तक दिलं. म्हणाल्या, मला ही ओळ कधी लागली नाही. जिला लागेल असं वाटलं तिच्याकडे एकदा पाठवली होती, तर ती रागावली. तू काशीला चाललीसच, पुन्हा एकदा विचारून बघ."

बाईंना ऋताचे जातानाचे शब्द आठवले. वात आहे तिथं बघ. अकरा वर्षं त्यांनी ते वाक्य 'हे वाच आणि समज' असं लावलं होतं. आपल्याच घरातला कायदा! ज्या घरात अडल्याशिवाय पानात वात पडत नाही, त्या घरातली पोर अडली होती. नव्या धर्मात पाऊल टाकताना तिला ज्या ओळीनं गळ्याशी धरलं, ती ओळ घेऊन ती आईकडे आली होती. आईकडेही नाही, गुरूकडे आली होती. आणि गुरूनं काय केलं? शिकवू नकोस म्हणून फोन आपटला.

"मग?" बाई म्हणाल्या. "तुमच्याकडे कसा लावतात अर्थ?"

पद्मा सावध झाली. "आमचं शास्त्र सांगतं, कुठलीही ओळ एकटी वाचायची नाही. आईबापाला मान दे, ही देवाची आज्ञा आहे. येशू स्वतः मरताना आईची सोय लावून गेला. देव म्हणजे प्रेम, हा आमचा सिद्धांत. त्यामुळे इथं द्वेष म्हणजे द्वेष नव्हे. देवावर जास्त प्रेम, इतकंच."

"वाहवा!" बाई उसळल्या. मूळ स्वभाव जाणार कुठं. "मतलब निकाल आधी, सुनावणी मागून. सिद्धांतच जर ठरवणार, की ओळीनं काय बोलायचं, तर ओळ वाचायची कशाला? आमच्याकडेही हेच करतात. अद्वैती एकीकडे ओढतो, द्वैती दुसरीकडे. श्रुती बिचारी दोन दाव्यांना बांधलेल्या गाईसारखी मधे उभी. तुम्ही द्वेष शब्दाचे दात काढून घेतलेत, सिस्टर. ही ओळ चावते. मला चावली आहे."

पद्मा हळू म्हणाली, "चावते, खरं आहे. पण बाई, सिद्धांत बाजूला ठेवून तुम्ही वाचली, तेव्हा तुम्हाला काय मिळालं?"

बाईंनी खिडकीबाहेर बघितलं. खाली नाववाला कुणाशी तरी भाड्यावरून हुज्जत घालत होता.

"घाट काही गंगा तयार करत नाही," पद्मा म्हणाली. "पण पायऱ्या नसतील तर अंघोळीला गेलेला माणूस बुडतो. शास्त्राचं काम मला तेवढंच वाटतं."

"आणि श्रावणात पाणी पायऱ्यांवर चढतं तेव्हा?"

"तेव्हा घाटानं पाण्याखाली गप्प बसायचं."

बाईंना हसू आलं. कितीतरी दिवसांनी कुणी तरी त्यांना तोडीस तोड बोललं होतं. त्या उठल्या, फळीवरून आपलं बायबल काढलं. अकरा वर्षांत ते कुणी उघडलं नव्हतं, पण आठवड्याला पुसलं मात्र जात होतं. वात जागच्या जागी होती, पिवळी पडलेली.

"बस," त्या म्हणाल्या. "पंक्ती लावू."

त्यांनी आधी मागचं वाचलं. मोठा जमाव येशूच्या मागं चाललाय, हौसेनं. मग ती ओळ सोडून पुढचं वाचलं. कुणाला मनोरा बांधायचा असेल तर तो आधी बसून बघणार नाही का, की हे आपल्याला पुरं करायला झेपेल का? बाईंचं बोट तिथं थांबलं. हे त्यांनी त्या दिवशी वाचलंच नव्हतं. बोट मागं गेलं, पुन्हा पुढं आलं.

"हा किंमत सांगतोय," त्या म्हणाल्या. "हौशी लोकांना सांगतोय, की बाबांनो, घरी जाऊन विचार करा. द्वेष करा ही आज्ञा, आपल्या भाषेत विधी, नाहीच. मागं या, हा विधी आहे. निंदा त्याची थोरवी सांगायला." पुढचं त्या पद्माशी बोलत नव्हत्या. "पण किंमत सांगताना माणूस नावं कुणाची घेतो? जी सोडताना जीव कासावीस होईल, त्यांचीच ना? ज्याच्यावर जीव नाही त्याचं नाव किमतीत कोण धरतं? यानं आईचं नाव घेतलं. आपल्या जिवाचं घेतलं, त्याच्या आधी आईचं घेतलं. आईहून महाग काही नाही हे त्याला ठाऊक होतं, म्हणून." बाईंनी चष्मा काढला. "आणि माझी पोर ही ओळ घेऊन माझ्याकडे आली. आई, एवढी किंमत मला देववत नाहीये, काही दुसरा अर्थ निघतो का बघ, म्हणून आली. आणि मी ती किंमत देऊन मोकळी झाले. तिच्या वतीनं."

पद्मानं त्यांच्या हातावर हात ठेवला. बाई रडल्या. एवढ्या मोठ्यानं, की त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटलं.

दिवेलागण झाली. पद्मा उठून देवापाशी गेली, निरांजन पुसलं, तूप घातलं. तिच्या गळ्यातला क्रूस बाईंच्या बाळकृष्णापुढं लोंबत होता आणि दोघांपैकी कुणाचीही हरकत दिसली नाही. तिनं त्या पिवळ्या वातीकडे बघितलं. "बाई, ओळ लागली. जाळायची ना?"

"खबरदार," बाई म्हणाल्या. "माझी नाही ती."

त्यांनी पुस्तक मांडीवर तसंच उघडं ठेवलं आणि फोन घेतला. नंबर शोधावा लागला नाही. एक घंटा, दुसरी घंटा. तिसरी पुरी व्हायच्या आत तो उचलला गेला. नुसता श्वास ऐकू येत होता, जिना चढून आल्यासारखा.

बाईंनी अकरा वर्षांत या फोनसाठी पुष्कळ वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवलं नाही.

"ऋता," त्या म्हणाल्या, "मी मागचंपुढचं न बघता पंक्ती लावली होती गं."

पलीकडे हुंदका फुटला. "आई," ती म्हणाली आणि बराच वेळ तेवढंच म्हणत राहिली. मग नाक ओढत, चौदाव्या वर्षीच्या आवाजात, "लागली का? काय निघालं?"

"फोनवर सांगणार नाही," बाई म्हणाल्या. "वात इथं आहे. तुझी आहे, तुलाच जाळावी लागेल. जिना तोच आहे, बावीस पायऱ्या. आणि हे बघ, या खेपेला खाली बसू नकोस. मी दार उघडंच ठेवते."